हप्ता उशिरा येतो, जात वेळेवर येते



ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर विमानतळावरचे फोटो येऊ लागतात. गळ्यात निळा पंचा, हातात बाबासाहेबांची प्रतिमा, ट्रॉलीवर दोन बॅगा आणि शेजारी डोळे पुसणारी आई. वस्तीतलं पहिलं पोर परदेशी शिकायला निघालेलं असतं. त्या फोटोखाली शंभर-दीडशे 'जय भीम' पडतात, आणि पडायलाच हवेत. पण त्यानंतरच्या वर्षभरात ते पोर कुठं राहतं, काय खातं, भाडं कशातून भरतं, कुणाच्या उपकाराखाली दबतं, यावर आपल्या चळवळीत चर्चा जवळजवळ होत नाही. प्रवेश मिळाला, व्हिसा लागला, विमान उडालं की आपण पुढच्या वर्षीच्या अर्जांकडे वळतो.

अर्ज भरायला मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी मीही एक आहे, त्यामुळे विमान उडाल्यानंतरचे फोनही मला येतात. ते ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. परदेशात गेल्याने जात सुटत नाही. वेळेवर हातात पडणारे पैसे आणि स्वतःच्या नावावरची खोली, या दोन गोष्टी असतील तरच ती तिथं सुटू शकते. या दोन्ही नसल्या की आपला विद्यार्थी परदेशातल्या भारतीयांच्या ओळखीपाळखीवर अवलंबून राहतो. आणि ती ओळखपाळख आडनावावर चालते.

बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली, बडोद्यात मिळाली नाही

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. न्यूयॉर्कमध्ये ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. भथेनांची ती मैत्री आयुष्यभर टिकली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः नोंदवलं आहे की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती.

मग १९१७ साली ते शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला आले, आणि पहिलाच प्रश्न उभा राहिला: राहायचं कुठं? हिंदू हॉटेलात जागा नाही. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही काही ना काही कारण सांगून नकार दिला.

हा प्रसंग आपण भाषणांत अपमानाचा दाखला म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माणूस तोच, आणि बडोद्यात तर कोलंबियाची पदवीही सोबत होती. न्यूयॉर्कमध्ये एक पारशी खोलीचा सोबती होता आणि बडोद्यात पारशीच काठ्या घेऊन आले होते. फरक कशाने पडला? न्यूयॉर्कमध्ये खोली विद्यापीठाची होती आणि पैसे ठरलेले होते. तिथं छपरासाठी कुणाला जात सांगावी लागत नव्हती. बडोद्यात छप्पर मिळवायचं तर ते जातीच्या माणसांच्या हातात होतं.

आज ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात भारतीय विद्यार्थ्यांची गर्दी आहे. भाड्याच्या खोल्या, पार्ट-टाइम कामं, जुने गाद्या-कुकर, विमानतळावरून आणणारी गाडी हे सगळं भारतीयांच्या ग्रुपांवर फिरतं. १९१३ च्या न्यूयॉर्कमध्ये हे जाळं नव्हतं. आता आहे. बडोदा विमानात बसून पुढं गेलं आहे आणि आपला विद्यार्थी उतरायच्या आधी तिथं पोहोचलं आहे.

आकडे काय सांगतात

ब्रिटनचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडून सर्वांत जास्त विचारणा तिथल्या विद्यापीठांची होते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, देशभरात मिळून १२५ जागा. शिकवणी शुल्क थेट विद्यापीठाला जातं. विद्यार्थ्याच्या हातात येतो तो निर्वाह भत्ता. ब्रिटनसाठी केंद्राच्या योजनेत हा भत्ता गेली अनेक वर्षं वर्षाला ९,९०० पौंड आहे. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड.

आता ब्रिटन सरकारचा हिशोब बघा. विद्यार्थी व्हिसासाठी जगण्याचा किमान खर्च म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरला, तोही नऊ महिन्यांसाठी. लंडनबाहेरच्या नऊ महिन्यांचे होतात १०,२२४ पौंड, लंडनचे १३,३४७. आपण बारा महिन्यांसाठी जे देतो, ते तिथल्या सरकारने नऊ महिन्यांसाठी ठरवलेल्या किमान खर्चापेक्षाही कमी आहे. सरकारी प्रायोजकत्वाचं पत्र दाखवून व्हिसाची अट पूर्ण होते. पण त्या पत्राने घरभाडं भरता येत नाही.

आणि हा झाला वेळेवर आलेल्या पैशांचा हिशोब. हप्ता उशिरा आला तर? केंद्राच्या योजनेत जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रं मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आलं की निधी उपलब्ध झाला तर पत्र देऊ. विद्यापीठं सप्टेंबरात सुरू होतात. ज्याच्या बापाकडे शेत आहे तो ते गहाण टाकतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय गहाण टाकायचं?

पहिल्या दिवसाचा खर्च तर कुणी मोजतच नाही. समजा इंग्लंडमधल्या एखाद्या मध्यम शहरात खोलीचं भाडं महिना ६०० पौंड आहे. तिथल्या कायद्याने घरमालक साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट घेऊ शकतो, म्हणजे जवळपास ७०० पौंड. पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट धरून किल्ली हातात येण्याआधीच १,३०० पौंड लागतात. शिवाय घरमालक जामीनदार मागतो, आणि तो ब्रिटनमध्ये राहणारा, कमावणारा लागतो. जामीनदार नसेल तर अनेक महिन्यांचं भाडं एकदम भरायला सांगण्याची पद्धत होती. इंग्लंडच्या नव्या भाडेकायद्याने १ मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं घ्यायला बंदी घातली आहे. हे चांगलंच आहे, पण त्यामुळे जामीनदाराचं महत्त्व उलट वाढणार.

हा जामीनदार कुणाकडे असतो? ज्याचा मावसभाऊ हॅरोला राहतो, ज्याच्या वडिलांचा बॅचमेट बर्मिंगहॅमला डॉक्टर आहे, ज्याच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची तिथं शाखा आहे, त्याच्याकडे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याला सामाजिक भांडवल म्हणतो. ते बँकेत दिसत नाही, उत्पन्नाच्या दाखल्यावर येत नाही, पण वेळेला पैशासारखंच उपयोगी पडतं. आपल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे गुणपत्रिका असते, हे भांडवल नसतं.

मग तो कुठं जातो?

तो त्या शहरातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जातो. तिथं जाहिरात असते: 'थ्री बेडरूम फ्लॅट, एक खोली रिकामी, व्हेज ओन्ली.' काही ठिकाणी राज्य लिहिलेलं असतं, काही ठिकाणी 'फॅमिली बॅकग्राउंड चांगलं असावं' असंही. तो मेसेज करतो. समोरून प्रश्न येतात. पूर्ण नाव काय? गाव कोणतं? बाबा काय करतात? आणि मग सहज विचारल्यासारखं: लोन घेतलंस की स्कॉलरशिप? कोणती स्कॉलरशिप?

हा शेवटचा प्रश्न नीट समजून घ्या. आडनाव कधी लपतं, कधी फसवतं. कांबळे कोण हे कळायला वेळ लागत नाही, पण पाटील, जाधव, गायकवाड यांवरून खात्री होत नाही. शिष्यवृत्तीच्या नावावरून होते. राजर्षी शाहूंचं नाव घेतलं की मराठी माणसाला सगळं कळतं. ज्या योजनेमुळे आपण तिथं पोहोचलो, तिचं नाव घेणं म्हणजेच जातीचा दाखला देणं. म्हणून कितीतरी मुलं 'लोन आहे' असं खोटं सांगतात. बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव घ्यावं लागलं होतं. आपल्या मुलांना एज्युकेशन लोनचं नाव घ्यावं लागतं.

गेल्या दोन वर्षांत आलेल्या फोनांपैकी एक सांगते. मराठवाड्यातली मुलगी, इंग्लंडमध्ये एक वर्षाचा मास्टर्स. पहिला हप्ता दोन महिने लांबला. विद्यापीठाच्या वसतिगृहाचं भाडं परवडणारं नव्हतं. मग चार भारतीयांच्या फ्लॅटमध्ये तिने एक खोली घेतली. भाडं रोखीने, करारावर नाव दुसऱ्याचं. पहिल्या आठवड्यात फ्रिजचा खालचा कप्पा तिला वेगळा करून दिला. तिने अंडी आणल्यावर तवा वेगळा झाला. हॉलमध्ये गणपती बसला होता, तिथं आरतीला सगळ्यांनी यायचं असं ठरलं होतं. तिने १४ एप्रिलला त्याच हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो ठेवला तर 'कॉमन एरियात पॉलिटिकल काही नको' असं तिला सांगण्यात आलं. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही.

तिला मी विचारलं, 'खोली का सोडत नाहीस?' ती म्हणाली, 'ताई, सोडून जाऊ कुठं? नवीन खोलीला डिपॉझिट लागतं. इथलं डिपॉझिट रोख दिलंय, पावती नाही. हप्ता कधी येईल माहीत नाही.'

माझं सगळं म्हणणं या उत्तरात आहे. हप्ता वेळेवर असता तर तिने त्या फ्लॅटमध्ये पाऊलच ठेवलं नसतं, किंवा पहिल्या तव्याच्या दिवशीच बॅग उचलली असती. कार्यालयातल्या फाइलवर 'प्रलंबित' असा शेरा पडतो, तेव्हा तिकडे एक माणूस जातीच्या दारात नेऊन उभा केला जातो. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. मुद्दाम न करताही जात अशीच चालते.

कामाचंही तेच. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर शिकवणीच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येतं. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरच्या माणसाला ताशी किमान वेतन १२.२१ पौंड होतं, म्हणजे कायदेशीर काम मिळालं तर आठवड्याला सुमारे २४४ पौंड. पण कायदेशीर काम शोधायला महिने जातात आणि भाड्याची तारीख थांबत नाही. मग ओळखीतल्या दुकानात, ओळखीतल्या हॉटेलात किमान वेतनाहून कमी पैशांत रोखीने काम. तास ओलांडले तर व्हिसा धोक्यात, हे मालकालाही माहीत असतं. बोलायची सोय राहत नाही. केंद्राच्या योजनेत तर संशोधन वा अध्यापन सहायक म्हणून वर्षाला १,५६० पौंडांपेक्षा जास्त कमावलं तर भत्ता कापण्याची तरतूद आहे. म्हणजे विद्यापीठातल्या सन्मानाच्या कामावर मर्यादा, आणि चोरून कराव्या लागणाऱ्या कामाकडे ढकलणारा तुटपुंजा भत्ता.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप सवर्ण मित्रांचा. 'शाकाहार ही वैयक्तिक आवड आहे, त्यात जात कशाला आणता? तिथं गोरे आपल्या सगळ्यांनाच सारखं वागवतात.' कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, हे मान्य. पण दुसऱ्याने त्याच्या तव्यावर काय शिजवावं ही खोलीची अट होते, तेव्हा ती आवड राहत नाही. वर्णद्वेष आहे, तो आपल्यालाही भोगावा लागतो. फरक इतकाच की रस्त्यावर कुणी 'पाकी' म्हणून ओरडलं तर सवर्ण विद्यार्थी घरी येऊन आपल्या माणसांत मन मोकळं करतो. आपल्या विद्यार्थ्याला घरी आल्यावरही जपून बोलावं लागतं.

कायदाही इथं अर्ध्यावर थांबतो. ब्रिटनच्या संसदेने २०१३ साली समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचं बंधन सरकारवर घातलं होतं. २०१८ मध्ये सरकारने वेगळा कायदा न करता न्यायालयांच्या निकालांवर विसंबायचं ठरवलं. त्याआधी २०१४ च्या तिर्की विरुद्ध चांडोक या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने म्हटलं होतं की जात 'वांशिक उगम' या संकल्पनेत बसू शकते. विद्यापीठात, कामाच्या ठिकाणी तक्रार करताना हा निकाल उपयोगी पडतो, तो माहीत असायला हवा. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ साली भेदभावविरोधी धोरणात जात आणली, सिॲटल शहराने २०२३ साली तसा कायदा केला. पण फ्रिजच्या खालच्या कप्प्यापर्यंत कुठलाच कायदा पोहोचत नाही. तिथं वेगळी खोली घेण्याची ऐपतच कामी येते.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. 'सरकारने लाखो रुपये खर्चून पाठवलं, आता कुरकुर कशाला? बाबासाहेब उपाशी राहून शिकले.' हो, राहिले. लंडनमध्ये रात्री भूक लागली की ते पापडावर भागवायचे, हे चरित्रात आहे. पण स्वतः सोसलेली उपासमार पुढच्या पिढीसाठी नियम व्हावा, असं बाबासाहेबांना कधीच वाटलं नाही. आपण उपाशी राहिलो म्हणून पोरांनीही राहावं असं म्हणणारा माणूस सिद्धार्थ कॉलेज आणि मिलिंद कॉलेज काढत नाही. शिवाय शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांनाही लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. पैशाच्या वेळापत्रकाने किती वर्षं खाल्ली जातात, हे आपल्याला त्यांच्याच आयुष्यातून कळतं.

लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं. बाबासाहेब तिथं भाडेकरू म्हणून राहिले होते. ते स्मारक झालं याचा अभिमान मलाही आहे. पण ज्या सरकारला त्यांची खोली जपावीशी वाटली, त्या सरकारने त्यांच्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोलीचाही विचार करायला हवा.

काय मागायचं, काय करायचं

सरकारकडे चार मागण्या आहेत. निर्वाह भत्ता त्या-त्या देशाच्या व्हिसासाठी ठरवलेल्या किमान खर्चाशी बांधा आणि दरवर्षी सुधारा. निदान पहिल्या तीन महिन्यांचा भत्ता आणि डिपॉझिट विमानात बसण्याआधी खात्यात जमा करा. पुढच्या हप्त्याला मुदत ठरवा आणि ती चुकली तर जबाबदार अधिकारी कोण हे आदेशात लिहा. आणि शिष्यवृत्तीधारकाच्या भाडेकरारासाठी शासनाने जामीन राहावं. शिक्षणासाठी जामीन राहणाऱ्या सरकारला छपरासाठी राहायला हरकत नसावी.

पण सरकारची वाट बघत बसणं हा आपला इतिहास नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत पंजाबातले दलित कामगार इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये भट्ट्यांत आणि कारखान्यांत राबायला गेले. तिथल्या आपल्याच देशबांधवांत बरोबरीची वागणूक मिळेना, तेव्हा त्यांनी पगारातून वर्गणी काढून रविदास सभा उभ्या केल्या. आंबेडकरवादी बौद्धांनी वुल्व्हरहॅम्प्टनला बुद्ध विहार उभं केलं. त्यांच्याकडे डिग्री नव्हती, पण आपल्या माणसाला आपलं छप्पर हवं हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे आज डिग्र्या आहेत, छप्पर नाही.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. एक, परदेशात शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या प्रत्येकाने वर्षाला किमान एका विद्यार्थ्याच्या भाडेकराराला जामीन राहावं. दोन, जिल्हा पातळीवर डिपॉझिट निधी उभारावा. तो दान म्हणून देऊ नका, बिनव्याजी उसना द्या. डिपॉझिट परत मिळालं की पैसे पुढच्या विद्यार्थ्याला. जयंतीच्या डीजेचा एका वर्षाचा खर्च वाचवला तरी एका जिल्ह्याची सोय होते. तीन, प्रत्येक शहरासाठी आपली यादी करावी: कुठल्या वसतिगृहात करार विद्यार्थ्याच्या नावावर होतो, कुठल्या विद्यापीठात अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी आहे, तक्रार कुठं करायची. चार, जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगूनच पाठवावं की रोखीने डिपॉझिट देऊ नकोस. इंग्लंडमध्ये घरमालकाला नेहमीच्या भाडेकराराचं डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावंच लागतं.

७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो, कारण १९०० साली त्या दिवशी भीमाचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. यंदा त्या दिवशी व्याख्यान ठेवाच, पण व्याख्यानाआधी टेबलावर एक वही ठेवा. पहिल्या पानावर जामीन राहायला तयार असलेल्यांची नावं, दुसऱ्या पानावर निधीची वर्गणी. दोन्ही पानं भरल्याशिवाय वक्त्याला माइक देऊ नका.